एका रेघेची परंपरा

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, हा पाठ वाचण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. देवनागरी लिहिणाऱ्याला ही रेघ नवी नाही. शब्द लिहून झाला की त्याच्या माथ्यावर आपण शिरोरेघ देतो, आणि ती देताना आपले लक्ष बहुधा पुढच्या शब्दाकडे गेलेले असते. जपानी लेखनात मात्र अशी एकच आडवी रेघ म्हणजे एक संपूर्ण अक्षर आहे. त्याचा उच्चार 'इची' आणि अर्थ 'एक'. तेथील मूल कुंचला हाती घेते तेव्हा सुरुवातीच्या धड्यांत हेच अक्षर गिरवते. ते गिरवून घेताना शिक्षक तोंडाने ताल देतात : 'तोन्, सू, तोन्'. पहिल्या 'तोन्'ला कुंचला कागदावर टेकतो आणि क्षणभर थांबतो, 'सू'बरोबर तो पुढे सरकतो, आणि शेवटच्या 'तोन्'ला पुन्हा थांबून वर उचलला जातो. आपण नकळत ओढतो त्या रेघेला तेथे आरंभ, प्रवास आणि शेवट असे तीन भाग आहेत.

कुंचल्याने अक्षरे लिहिण्याच्या या कलेला जपानीत 'शोदो' म्हणतात. 'शो' म्हणजे लेखन आणि 'दो' म्हणजे मार्ग. चीनमधून आलेली आणि सुमारे दीड हजार वर्षे जपानमध्ये रुजलेली ही कला विसाव्या शतकात एका अवघड प्रश्नापुढे उभी राहिली. परंपरा जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? अक्षराचा आकार, साधने, गुरूने घालून दिलेला कित्ता, की आणखी काही? या प्रश्नाला तेथील कलावंतांनी दिलेल्या उत्तरांचा परिचय प्रस्तुत पाठातून करून घ्यावयाचा आहे.

मूळ पाठ

जपानी लोकांना स्वतःची लिपी नव्हती. बौद्ध धर्म, ग्रंथ आणि राज्यकारभाराच्या पद्धती यांच्याबरोबर चिनी अक्षरे तेथे आली. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अर्थ. त्यामुळे अक्षरांची संख्या हजारांत जाते. आजही सामान्य व्यवहारासाठी ठरवलेल्या सरकारी यादीत, २०१० सालच्या सुधारणेनंतर, २१३६ अक्षरे आहेत. चिनी अक्षरांनी जपानी भाषेतील प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे लिहिणे कठीण होते. म्हणून नवव्या शतकाच्या सुमारास काही चिनी अक्षरे भराभर, वळणे गाळून लिहिता लिहिता त्यांतून उच्चार दाखवणारी 'काना' ही सुटसुटीत चिन्हे तयार झाली. मोडी लिपीत हात न उचलता लिहिण्याच्या सोयीसाठी अक्षरांची वळणे जशी बदलली, तसेच काहीसे येथे घडले. विद्वान पुरुष चिनी अक्षरांत लिहीत असताना दरबारातील स्त्रियांनी ही काना आपलीशी केली, तिच्यात पत्रे, कविता आणि कथा लिहिल्या. पाण्याच्या धारेसारख्या खाली उतरणाऱ्या त्या ओळी जपानी अक्षरकलेचे खास वैभव मानल्या जातात. तेव्हा ज्याला आपण आज जपानची परंपरा म्हणतो, तीही एके काळी परक्या वस्तूत केलेला बदलच होती. ही गोष्ट पुढील विवेचन वाचताना लक्षात ठेवावी.

या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत पोचतो. कूकाई (इ. स. ७७४-८३५) हा जपानचा थोर बौद्ध आचार्य आणि श्रेष्ठ अक्षरकार. तो ८०४ साली चीनला गेला आणि तेथे प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून संस्कृत शिकला. परतताना त्याने 'सिद्धम्' या भारतीय लिपीतील लेखन बरोबर आणले. भारतात ती लिपी कधीच व्यवहारातून गेली. जपानमधील काही बौद्ध मंदिरांत आणि दफनभूमीतील लाकडी फळ्यांवर मात्र संस्कृत बीजाक्षरे आजही कुंचल्याने लिहिली जातात. कूकाईला मरणोत्तर 'कोबो दाइशी' ही पदवी मिळाली. कोबो कुंचला निवडत बसत नाही, अशा अर्थाची एक जपानी म्हण आहे. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही आपली म्हण तिचीच उलट बाजू होय. मात्र याच कोबोच्याही हातून चूक होते, असे सांगणारी दुसरी म्हणही जपानी माणसाने तयार करून ठेवली आहे!

आता साधनांकडे वळू. शाई, शाई उगाळण्याचा दगड, कुंचला आणि कागद ही या कलेची चार मुख्य साधने. काजळीत सरस मिसळून शाईची वडी तयार करतात. नारा हे शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपण सहाणेवर पाणी घालून चंदनाचे खोड उगाळतो, तशी ही वडी दगडावर सावकाश उगाळायची. यात बराच वेळ जातो आणि तो जावा अशीच अपेक्षा असते. कारण उगाळता उगाळता मन स्थिर होते. कुंचला बकरी, घोडा इत्यादी प्राण्यांच्या केसांचा असतो. हिरोशिमा प्रांतातील कुमानो या गावाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या कुंचल्यांवर चालत आली आहे.

कागद मऊ आणि शोषून घेणारा असतो. कुंचला क्षणभर रेंगाळला तर शाई पसरते. घाईने ओढला तर शाई तुटक होऊन रेघेतून कागदाचे पांढरे तंतू डोकावतात. या दोन्ही गोष्टी दोष मानल्या जात नाहीत, त्यांचा उपयोग करून घेतला जातो. पण एक नियम कठोर आहे. ओढलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही. रंगचित्रात चुकीवर रंग चढवता येतो. येथे जे झाले ते झाले. हात कापला असेल, मन दुसरीकडे गेले असेल, श्वास अडखळला असेल, तर ते सारे कागदावर उमटते आणि तसेच राहते. अक्षरांच्या मधली कोरी जागादेखील लेखनाचा भाग मानतात, आणि तीही एकदा ठरली की बदलत नाही.

सरावासाठी एक अक्षर विशेष मानले गेले आहे. त्याचा उच्चार 'एइ'. ठिपका, आडवी रेघ, उभी रेघ, आकडी, फटकारा असे आठ मूलभूत फटके या एकाच अक्षरात एकत्र येतात. त्याचा अर्थ 'चिरंतन' असा आहे. 'अक्षर' म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, ही आपली व्युत्पत्ती आठवून वाचकाला येथे थोडे थांबावेसे वाटेल.

पाठगत प्रश्न
(अ) काना ही चिन्हे का निर्माण झाली?
(आ) 'ओढलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवायचा नाही' या नियमाचा लिहिणाऱ्याच्या मनावर कोणता परिणाम होत असेल? दोन-तीन वाक्यांत लिहा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने पाश्चात्त्य विद्या, यंत्रे आणि कला यांना दारे उघडली. पाश्चात्त्य कल्पनेप्रमाणे कला म्हणजे चित्र, शिल्प आणि वास्तू. मग कुंचल्याने लिहिलेली अक्षरे कोणत्या खणात ठेवायची? १८८२ साली कोयामा शोतारो या पाश्चात्त्य पद्धतीने रंगवणाऱ्या चित्रकाराने, अक्षरलेखन ही कला नव्हे, असे प्रतिपादन केले. अक्षरे ही भाषेची चिन्हे, ती वाचण्यासाठी असतात, असा त्याचा मुद्दा होता. त्याला उत्तर दिले ओकाकुरा काकुझो या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने. हाच ओकाकुरा पुढे १९०२ च्या सुमारास भारतात येऊन राहिला आणि रवींद्रनाथ ठाकूरांच्या परिवाराचा स्नेही झाला. वादात जय कोणाचा झाला हे सांगणे अवघड आहे. परंतु त्यानंतर अक्षरकारांना आपल्या कलेचे समर्थन करावे लागू लागले. जे पूर्वी कोणी विचारत नव्हते ते विचारले जाऊ लागले.

याच काळात आणखी एक घटना घडली आणि ती मोठी बोलकी आहे. १८८० साली यांग शोउजिंग हा चिनी विद्वान जपानला आला. त्याच्याजवळ प्राचीन चिनी शिलालेखांचे हजारो ठसे होते. शतकानुशतके गुरूच्या कित्त्यावरून, आणि त्या गुरूच्या गुरूच्या कित्त्यावरून गिरवलेली गुळगुळीत अक्षरे पाहण्याची सवय झालेल्या जपानी अक्षरकारांना दगडात खोदलेली ती रांगडी, जोमदार अक्षरे पाहून धक्काच बसला. जपानी अक्षरकलेतील नवेपणाचा पहिला झोत असा पश्चिमेकडून न येता अतिप्राचीन दगडांवरून आला. हिदाइ तेनराइ (१८७२-१९३९) याने हाच विचार पुढे नेला. त्याने शिष्यांना आपले वळण गिरवू देण्याऐवजी थेट प्राचीन लेखांकडे पाठवले. गुरूचे अनुकरण थांबले, आणि म्हणूनच त्याच्या शिष्यांत एकाचे अक्षर दुसऱ्यासारखे राहिले नाही. जपानमध्ये त्याला आधुनिक अक्षरकलेचा जनक म्हणतात.

त्याचा मुलगा हिदाइ नानकोकु याने १९४५ साली 'वीज' या अर्थाच्या अक्षराचे जुने रूप घेऊन एक कृती केली. तिच्यात रेघा होत्या, पण अक्षर ओळखता येत नव्हते. तेनराइचा शिष्य उएदा सोक्यू याची १९५१ सालची एक कृतीही गाजली. तिचे नाव 'प्रेम'. परंतु कागदावर त्या अक्षराचा नेहमीचा आकार नव्हताच. तेथे होते तीन लहान पुंजके. रांगणाऱ्या नातवंडाला पाहून ते सुचले, असे सांगतात. मोठ्या सरकारमान्य प्रदर्शनात ही कृती आली तेव्हा, हे 'प्रेम' कसे वाचायचे, असा वाद माजला. नातवंड रांगताना पाहिलेल्या कोणत्याही आजोबांना हा वाद विशेष समजला नसता, असे आमचे मत आहे.

सोक्यूच्या शिष्यांपैकी मोरिता शिर्यू याने १९५१ साली 'बोकुबी', म्हणजे 'शाईचे सौंदर्य', हे मासिक सुरू केले. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर फ्रान्झ क्लाइन या अमेरिकन चित्रकाराची काळ्यापांढऱ्या फटकाऱ्यांची कृती होती. पुढच्या वर्षाच्या जानेवारीत मोरिता आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी क्योटोच्या र्योआन्जी मंदिरात 'बोकुजिन्काई', म्हणजे 'शाईच्या माणसांचा संघ', स्थापन केला. र्योआन्जी हे दगड आणि वाळूच्या बागेसाठी जगप्रसिद्ध आहे; गुरूंच्या संस्थांपासून वेगळे होणाऱ्या या तरुणांनी त्यासाठी एवढे जुने ठिकाण निवडावे, हेही नोंदवण्यासारखे आहे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जपानी अक्षरकलेचे प्रदर्शन भरले. कोयामाने ज्यांना कलेच्या घराबाहेर उभे केले होते, त्यांचे पश्चिमेतच स्वागत झाले.

या स्वागतात एक धोकाही होता. जपानी न येणारा प्रेक्षक अक्षर वाचत नाही, तो केवळ आकार पाहतो. मग अक्षर हवेच कशाला? या प्रश्नाला ज्याने आपल्या आयुष्याने उत्तर दिले, तो बोकुजिन्काईच्या पाच संस्थापकांपैकी एक, इनोउए यूइची (१९१६-१९८५). त्याच्या नावातील 'इची' म्हणजे आपण आरंभी ओढलेली आडवी रेघ.

इनोउए हा टोकियोतील प्राथमिक शिक्षक. अक्षरकलेवर त्याने पोट भरले नाही. १९७६ साली निवृत्त होईपर्यंत तो शाळेत शिकवत राहिला. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियोवर अग्निबाँबचा वर्षाव केला. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मरण पावली. इनोउए तेव्हा आपल्या योकोकावा शाळेत रात्रपाळीवर होता. परिसरातील लोक मुलाबाळांसह शाळेच्या इमारतीत आश्रयाला आले आणि तेथेच आगीत सापडले. इनोउए मृतवत पडला होता. काही तासांनी त्याला शुद्ध आली.

युद्धानंतर त्याने कुंचला अधिक निर्धाराने हाती घेतला. गुरूचे वळण त्याला नको होते, ग्रंथातील वचने सुंदर हस्ताक्षरात उतरवून काढणे तर मुळीच नको होते. १९५५ च्या सुमारास त्याने अक्षरच सोडून दिले. कागदावर इनॅमलचे काळे रंग घेऊन तो केवळ फटकारे मारू लागला. परंपरेपासून इतके दूर जाणे फार थोड्यांना जमले असेल. आणि तेथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण मुक्त झालेलो नाही. अक्षर नसताना हात कोठेही जाऊ शकतो. आणि कोठेही जाऊ शकणारा हात आपल्या सवयीच्या जागीच पुन्हा पुन्हा जातो. अक्षराला मात्र ठरलेला क्रम आहे, ठरलेल्या रेघा आहेत, अर्थ आहे. त्या बंधनाशी झुंजल्यावाचून झुंजच उरत नाही. तो अक्षराकडे परतला. मोठा कागद जमिनीवर पसरून, दोन्ही हातांनी भला थोरला कुंचला उचलून, सारे शरीर त्यामागे लावून लिहू लागला. 'गुतेत्सु' ही त्याची दोन अक्षरांची कृती १९५७ साली ब्राझीलमधील साओ पावलोच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात लागली. तिचा आशय 'शेवटपर्यंत मूर्खच' असा काहीसा सांगता येईल. इंग्रज समीक्षक हर्बर्ट रीड याने आधुनिक चित्रकलेच्या इतिहासावरील आपल्या १९५९ सालच्या पुस्तकात तिला स्थान दिले.

पुढे त्याने 'दारिद्र्य' हे एकच अक्षर अनेक वर्षे पुन्हा पुन्हा लिहिले. या अक्षराच्या वरच्या भागाचा अर्थ 'वाटणे' आणि खालच्या भागाचा अर्थ 'शिंपला', म्हणजे जुन्या काळचे धन. धन वाटले गेले की उरते ते दारिद्र्य. शिंपल्याच्या खाली दोन छोट्या रेघा असतात. इनोउएच्या लेखनात त्या पाय होतात, आणि सारे अक्षर डोक्यावर फाटके छप्पर घेऊन चाललेल्या माणसासारखे दिसते. एका कागदावर तो ताठ उभा असतो, दुसऱ्यावर लडखडतो. जपानी न जाणणाऱ्यालाही तो माणूस दिसतो. पण अक्षर वाचता येणाऱ्याला त्याचे नाव कळते, आणि मग तो दृष्टीआड करता येत नाही. अक्षर कशाला हवे, याचे उत्तर आम्हांला येथे मिळते.

त्या रात्रीबद्दल इनोउए तेहतीस वर्षे कुंचल्याने बोलला नाही. १९७८ साली त्याने 'हाय, योकोकावा शाळा' अशा अर्थाच्या शीर्षकाची दीर्घ कृती केली. त्या रात्री जे पाहिले ते सारे त्याने एका मोठ्या कागदावर दाटीवाटीने लिहून काढले. येथे अक्षरे वाकडीतिकडी आहेत, एकमेकांवर रेलली आहेत, काही शाईने माखून गेली आहेत. सुलेखनाच्या कोणत्याही स्पर्धेत त्यांना गुण मिळाले नसते. पण मागे फिरून एकही रेघ सुधारायची नाही, हा कूकाईच्या काळापासूनचा नियम त्याने पाळला आहे, आणि या मजकुराला दुसरा कोणता नियम शोभला असता असे वाटत नाही.

सगळेच कलावंत अक्षराकडे परतले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शिनोदा तोको (१९१३-२०२१) हिने लहानपणी वडिलांकडून अक्षरे गिरवली. तरुणपणी भरवलेल्या प्रदर्शनात तिच्या लेखनाला मूळच नाही, अशी टीका झाली. १९५६ ते १९५८ ही वर्षे ती अमेरिकेत राहिली. न्यूयॉर्कच्या कोरड्या हवेत शाई फार लवकर सुके. रेघेचा ओलावा टिकण्यासाठी जपानची दमट हवाच हवी, असे तिला आढळले. ती परतली, परंतु अक्षराकडे नव्हे. वयाच्या शंभरीनंतरही ती जुन्या शाईने, जुन्या कुंचल्याने, न वाचता येणाऱ्या रेघा काढत राहिली. इनोउएने अक्षर राखले आणि सौंदर्य सोडले. शिनोदाने अक्षर सोडले आणि शाई राखली. दोघांनीही रेघ पुसली नाही.

आज जपानमधील माणूसही बहुतेक वेळा संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर लिहितो. उच्चाराप्रमाणे कळा दाबल्या की यंत्र योग्य चिनी अक्षरे पुढे ठेवते, आपण फक्त निवडायचे. त्यामुळे वाचता येते पण हाताने लिहिता येत नाही, अशी अक्षरे वाढत चालल्याची तक्रार तेथे नेहमी ऐकू येते. (मराठीतील 'ज्ञ' किंवा 'क्ष' हाताने लिहिताना कधी तुमचा हात अडखळला असेल, तर ही तक्रार तुम्हांला समजेल.) शाळेत तिसऱ्या इयत्तेपासून कुंचल्याने लिहिणे शिकवले जाते. नव्या वर्षाच्या २ जानेवारीला वर्षातील पहिले अक्षर लिहिण्याची प्रथाही टिकून आहे. २०२१ साली जपान सरकारने शोदोची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

तरुणांनी मात्र आपला मार्ग शोधला आहे. २००८ पासून एहिमे प्रांतातील शिकोकुचूओ या कागद-उद्योगाच्या शहरात माध्यमिक शाळांतील मुलामुलींच्या गटांची स्पर्धा भरते. संगीताच्या तालावर, मोठमोठे कुंचले घेऊन, खोलीएवढ्या कागदावर ती मुले धावत धावत लिहितात. २०१० साली या विषयावर एक चित्रपटही निघाला. संगीत, गणवेश आणि टाळ्यांच्या गजरात मन स्थिर करण्याचा जुना हेतू कितपत उरतो, अशी शंका आम्हांला येते. पण हजार डोळ्यांसमोर जो फटका चुकतो तोही पुसता येत नाही, आणि पंधरा-सोळा वर्षांची मुले ते पत्करून कागदावर पाय ठेवतात.

दर डिसेंबरमध्ये क्योटोच्या कियोमिझु मंदिरात एक छोटा समारंभ होतो. सरत्या वर्षाचे वर्णन करणारे एक अक्षर लोक मतांनी निवडतात आणि मंदिराचे प्रमुख ते मोठ्या कागदावर सर्वांसमोर लिहितात. ही प्रथा १९९५ साली सुरू झाली. त्या वर्षी कोबे शहर भूकंपात उद्ध्वस्त झाले होते, आणि निवडलेले अक्षर होते 'हादरा'. २०११ साली भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य किनारा धुऊन नेला. त्या वर्षीचे अक्षर होते 'किझुना', म्हणजे माणसामाणसांतील बंध. ही बातमी दूरचित्रवाणीवरून देशभर जाते. अक्षर कोणते ते आधीच छापूनही कळवता आले असते. तरीही लोक तो कुंचला शाईत बुडण्याची आणि पहिली रेघ ओढली जाण्याची वाट पाहतात.

स्वाध्याय

१. 'जपानी अक्षरकलेतील नवेपणाचा पहिला झोत अतिप्राचीन दगडांवरून आला,' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. इनोउए यूइची आणि शिनोदा तोको यांनी परंपरेतील काय स्वीकारले आणि काय सोडले? तुम्हांला कोणाची निवड अधिक पटते? कारणे द्या.

३. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : कित्ता गिरवणे, हात अडखळणे, दृष्टीआड करणे.

४. पाठाच्या आरंभी ओढलेली रेघ पुन्हा पाहा. आता 'तोन्, सू, तोन्' या तालावर तिच्याखाली दुसरी रेघ ओढा. खोडरबर वापरू नका. दोन्ही रेघांत काय फरक दिसतो, ते आठ-दहा ओळींत लिहा.